मुदत संपलेले तोफगोळे

कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावरची मुदत बघायची, ही माझी जुनी खोड. बिस्किटाचा पुडासुद्धा मी उलटा करून बघते. देवरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात औषधं वाटण्याची माझी नोकरी, त्यामुळे ही खोड खपूनही जाते.

गावातले एक काका बीपीच्या गोळ्या न्यायला येत. फौजेतून निवृत्त झालेले. एकदा त्यांनीही पाकीट उलटं करून तारीख वाचली, तेव्हा मला हसू आलं.

"नोकरीच तशी होती, मॅडम," ते म्हणाले. "दारूगोळ्याच्या डेपोत होतो. तोफेच्या गोळ्यालेही तारीख राहते."

मी चाटच पडले. तोफगोळा शिळा होतो? मग त्याचं करतात काय? रांगेत माणसं खोळंबली होती, पण मला राहवेना.

"दूर माळावर खड्डा खोदाचा, त्यात ठेवाचे आन फोडून टाकाचे. दिवसदिवस तेच करून राहत होतो."

"न वापरता?"

"हो न. नवे त्याच्या आधीच येऊन पडले राहत."

"एवढे वाया गेले, तर कोणी जाब विचारत नव्हतं?"

"जाब कायले? लढाई नाई झाली, हे चांगलंच नाई का? पन एवढे कायले मागवत होते, हे मलेही कधी समजलं नाई."

माझा चेहरा उतरला असावा, कारण मला जाब विचारला गेला होता. आदल्या वर्षी सर्पदंशावरच्या लसीच्या काही कुप्या आमच्या फ्रिजमध्ये मुदत संपून वाया गेल्या. कोणाला साप चावला नाही, एवढाच माझा गुन्हा. तरी लेखी खुलासा मागितला गेला. मला संताप आला आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. म्हणून त्या वर्षीच्या मागणीपत्रात लसीपुढे मी शून्य लिहिलं होतं.

त्या खड्ड्यांत फुटलेले गोळे थोडे कमी मागवले असते, तर तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांचे फ्रिज भरले असते का? हा प्रश्न काही दिवस पाठ सोडेना. नवऱ्याला विचारला, शाळेतल्या गुरुजींना विचारला. मागणीपत्र मात्र मी बदललं नाही.

पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली आणि शेतात, बांधीतल्या चिखलात काकांच्याच बायकोच्या पायाला साप चावला. काकांनी आणि एका शेजाऱ्याने तिला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. फ्रिज रिकामा आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी तो उघडला. काकांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"काऊन नाई ठेवली, मॅडम?"

"मुदत संपून वाया जाते म्हणून..."

"मंग जाऊ द्याची होती न वाया."

ॲम्ब्युलन्सने काकूंना गोंदियाला नेलं. त्या वाचल्या, पण लस मिळायला उशीर झाल्याने पायाची दोन बोटं काढावी लागली. ती माझ्या शून्यामुळे गेली असं मी आजही मानते.

पुढच्या मागणीपत्रात मी पूर्वीच्या दुप्पट कुप्या लिहिल्या. वरून लगेच फोन आला.

"अहो, मागे वाया गेल्या होत्या ना? आता इतक्या कशाला?"

"पाठवा साहेब," मी म्हटलं. "याही वाया जाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे."