हौदाची भिंत चढलेलं पाणी

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या शाळेत मी आठवीत गेले, आणि हेडमास्तरांनी मला न विचारताच माझं नाव गृहशास्त्राखाली लिहून टाकलं. दरसालचीच रीत ती. मुलगे शास्त्राला, मुली शिवणटिपणाला. मी तडक ऑफिसात गेले. म्हटलं, "सर, माझं नाव शास्त्रात घाला."

"कशाला? चूल पेटवायला भौतिकशास्त्र लागत नाही."

अशी तिडीक गेली डोक्यात! गृहशास्त्र घेतलं की पुढं कॉलेजात शास्त्राचं दार बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं. वडील मिलिटरीत, सुट्टीवर येतील तेव्हा खरं. आई म्हणाली, "गुर्जी म्हणत्यात तसं कर बाई, लय नादाला लागू नगंस." म्हणजे भांडायला मी एकटीच. बरं, एकटी तर एकटी.

त्याच आठवड्यात शाळेचा हौद धुवायला काढला. गुडघाभर उंच जोत्यावर बांधलेला सिमेंटचा हौद. तळाचं भोक गाळानं कधीच बुजलेलं. शिपाईमामा दरवर्षी बादल्यांनी उपसून कंबर धरून बसायचे. सर शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "सर, बादली नको. मी नळीनं काढते. पाणी भिंत चढून बाहेर आलं, तर माझं नाव शास्त्रात."

सर हसले. "पाणी कधी वर चढतं का गं? चढवून दाखव, लगेच लिहितो."

आमच्याकडं नदीवर डिझेलचं इंजिन होतं. पिंपातलं डिझेल चुलते रबरी नळीनं काढायचे, टोक तोंडात धरून ओढायचं आणि मग थू थू करत बसायचं. डिझेल पिंपाची कड चढून खाली येतं, हे सगळ्या गावानं पाहिलेलं. ते का येतं, हे मी चुलतभावाच्या शास्त्राच्या पुस्तकात चोरून वाचलं होतं.

तीच नळी घरून आणली. एक टोक हौदात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. ढिम्म! नळी लांबलचक, माझा दम तोकडा. पुन्हा जोर लावला तर तोंडात नुसती डिझेलची चव. व्हरांड्यातली पोरं खिदळायला लागली. "झाली हौस?" सर म्हणाले. मी थू थू करून तोंड पुसलं. यांच्यासमोर रडू? मेले तरी नाही.

मग डोकं चाललं. नळीत हवा आहे तोवर काही व्हायचं नाही. अख्खी नळी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरली. दोन्ही टोकांवर अंगठे दाबले. एक टोक पाण्यातच मोकळं सोडलं, दुसरं अंगठ्यासकट भिंतीवरून बाहेर काढून थेट जमिनीलगत नेलं आणि अंगठा उचलला. धो धो पाणी!

"आवं सर, चढलं की वो!" शिपाईमामा ओरडले.

यात जादू कसली? हवेला वजन असतं, ती हौदातल्या पाण्याला सतत रेटत असते. नळीच्या बाहेरच्या बाजूचं पाणी जास्त लांब, म्हणून जास्त जड. ते खाली उतरतं, आणि हवेचा रेटा आतलं पाणी त्याच्या मागोमाग नळीत ढकलतो. बाहेरचं टोक आतल्या पाण्यापेक्षा खाली पाहिजे, एवढंच. हे सगळं मी तिथंच, ओल्या परकरानिशी, सरांना एका दमात ऐकवलं.

हळूहळू तळाचा गाळ उघडा पडला. पोरांचं खिदळणं कधीच थांबलं होतं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शब्द तर दिलेला, तोही सगळ्यांदेखत.

"लिहितो," ते म्हणाले. "पण शास्त्राच्या वर्गात सगळे मुलगेच आहेत. तुला एकटीला बसायला तिथं बाक नाही."

"मग पोरांना सांगा, सरकून बसा."