काकांचा पंप आणि माझे चौकोन

मी नक्की काय काम करते हे आईला समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, आणि उरलेलंही त्यातच जाणार असं दिसतंय. रोह्याला एमआयडीसीत आमची पंप बनवणारी कंपनी आहे. पंपाचं पहिलं ड्रॉइंग निघाल्यापासून तो पंप मोडीत निघेपर्यंतची सगळी कुंडली एका सॉफ्टवेअरमध्ये राहते. कोणतं ड्रॉइंग कोणाकडून कोणाकडे जाणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार, याचा आराखडा मी बनवते. त्याला वर्कफ्लो टेम्प्लेट म्हणतात. पडद्यावर ते दिसतं म्हणजे चौकोन, आणि चौकोनांना जोडणारे बाण. आईने एकदा माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं शिकवलं ते चौकोन काढायला? ते तर तू बालवाडीतपण काढायचीस."

"तेव्हा बाण नव्हते," मी म्हटलं.

"मग बाणांचा पगार देतात होय," असं म्हणून ती पोह्याचे पापड उलटायला गच्चीवर गेली.

तर हे बाण. सॉफ्टवेअर लावून द्यायला पुण्याहून एक सल्लागार आले होते. फार स्वच्छ बोलायचे, शर्टही तसाच. त्यांनी मला सगळं शिकवलं, त्यांचे उपकार आहेत, पण त्यांच्या नावाने मी अजूनही अधूनमधून बोटं मोडते. कारण त्यांनी विचारलं, "समजा एखाद्याकडे मंजुरीला पाठवलं आणि त्याने उत्तरच दिलं नाही, तर?" त्यावर त्यांनीच सांगितलं, "तीन दिवस वाट बघायची. उत्तर नाही आलं तर मंजूर समजायचं आणि काम पुढे ढकलायचं. सगळीकडे असंच करतात." मी काढला बाण. आता लोक मला म्हणतात, तू पेणची, तुला कळायला नको होतं? अहो, मला काढ म्हटलं, मी काढला. आणि खरं सांगायचं तर एसीत कॉम्प्युटरसमोर बसल्यावर मी पेणची आहे हे माझ्या लक्षातच राहत नाही.

कारण आमच्या पट्ट्यात तोंडावर नाय म्हणणं म्हणजे सरळ भांडण काढणं. माझ्या बाबांना कोणी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलं आणि बाबा "बघू" म्हणाले, की समोरचा तिथल्या तिथे एक पान कमी धरतो आणि चहा पिऊन हसत हसत जातो. कोणाला वाईट वाटत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत आणि पंख्याकडे बघत राहिले, तर तो पक्का नकार.

या कलेत आमच्या कंपनीचे डिझाइनचे प्रमुख उस्ताद होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा. नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायचे, रोज पूल ओलांडून स्कूटरवरून यायचे. काकांनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ड्रॉइंग पटलं नाही की ते हातातला चहाचा कप त्या कागदावर ठेवायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. बस. तो कागद मेला. काकांच्या टेबलावर असे कपाच्या गोल डागांचे कितीतरी कागद पडलेले असायचे. आणून देणाऱ्याला डाग दिसला की तो मुकाट्याने नवीन ड्रॉइंग काढायला बसायचा. इतकी सुंदर व्यवस्था कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, हे मी आता शपथेवर सांगू शकते.

आणि काकांचा जीव होता एका पंपावर. तरुणपणी त्यांनी स्वतः काढलेला पंप, बुटका, पोट सुटलेला, हिरव्या रंगाचा. नवीन माणूस कामाला लागला की काका त्याला कॅन्टीनच्या मागे नेऊन बोअरवेलवर बसवलेला पंप दाखवायचे, त्याच्या पोटावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हा माझा." पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते. मला एकदा म्हणाले, "मी गेलो तरी हा यादीत ऱ्हायला पाहिजे, गो. मग मी घरी खुशाल वाल सोलत बसंन."

आणि नेमकी त्याच पंपाची खरेदी विभागाने फाइल पाठवली. हा पंप आता कोणी मागत नाही, मोडीत काढावा. पूर्वी असे कागद त्यांनी कितीदा तरी पाठवले होते आणि सगळ्यांवर कप बसला होता. या वेळी फाइल माझ्या टेम्प्लेटमधून गेली. काकांच्या पडद्यावर दोन बटणं उमटली, मंजूर आणि नामंजूर. काकांनी ती वाचली. मग चहाचा कप उचलला आणि अगदी शांतपणे कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर ठेवला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. मी तेव्हा पलीकडच्याच टेबलावर होते, आणि मला वाटलं, काका चहा विसरले.

चौथ्या दिवशी सकाळी मी पेणच्या रामवाडीला कंपनीची बस पकडली. खांब गावाच्या जवळपास बसमधले सगळे फोन एकदम वाजायला लागले. सगळ्यांना एकच मेल. काकांचा पंप, स्थिती लाल, मोडीत. पाठवणारी कोण, तर मी. म्हणजे माझं टेम्प्लेट, पण खाली नाव माझंच. आणि माझी हौस एवढी, की एकदा स्थिती बदलली की स्टोअर, खरेदी, कॅटलॉग, मेन्टेनन्स, सगळ्यांना आपोआप हुकूम सुटेल अशी सोय मी करून ठेवली होती. बक्षीस मिळेल असं वाटत होतं मला.

आमचा स्टोअरवाला एक बोल्ट द्यायला माणसाचा अंत पाहतो. त्या दिवशी मी पोचेपर्यंत त्याने त्या पंपाचे सगळे सुटे भाग भंगाराच्या ढिगावर नेऊन टाकले होते आणि घाम पुसत होता. इलेक्ट्रिशियन तर त्याहून कर्तव्यदक्ष निघाला. त्याच्या हुकुमात लिहिलं होतं की या मॉडेलचे सर्व पंप वापरातून काढावेत. तो गेला कॅन्टीनमागे आणि त्याने बटण बंद केलं.

कॅन्टीन, बेसिन, संडास, सगळं पाणी त्या एका बुटक्या पंपावर होतं. हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलंच नव्हतं. टाकीतलं होतं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं. मग शिफ्टमधली माणसं ग्रीसने काळे झालेले हात घेऊन बेसिनपाशी आली आणि नळ फुर्र करून गप्प झाला. कॅन्टीनवाल्या मावशी भांड्यांचा ढीग तसाच सोडून कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. आणि सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हातांना आणि तोंडाला साबण लावलेले, डोळे घट्ट मिटलेले, मोठे साहेब.

"कोणी केलं हे?" साहेबांनी डोळे न उघडता विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, जे साहेबांना दिसलं नाही, एवढंच माझं नशीब.

काका पंपापाशी उभे होते. त्याच्या पोटावर हात ठेवून. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"काय गो," ते म्हणाले, "माझ्या पंपाला मारलास?"

"काका, तुम्ही नाही म्हटलं नाहीत."

"म्हटलं की."

"कधी?"

"तीन दिवस म्हणत होतो."

साहेब ओरडले, आत्ताच्या आत्ता चालू करा. इलेक्ट्रिशियन हाताची घडी घालून म्हणाला, सिस्टीममध्ये मोडीत आहे, मी कसा चालू करू, उद्या मला विचारतील. एरवी हा माणूस हेल्मेट घालत नाही. मी धावत माझ्या टेबलाशी गेले आणि तिथे मला आणखी एक गंमत कळली. मोडीत या चौकोनातून बाहेर पडायला बाणच नव्हता. मेलेलं परत कशाला येतंय, असं सल्लागारांचं म्हणणं, आणि मला ते पटलंही होतं. मग मी उलटा बाण काढत बसले आणि साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांच्या गालावर साबण वाळून त्याचे पापुद्रे माझ्या कीबोर्डवर पडत होते. बाण जुळला, पंप पुन्हा हिरवा झाला, आणि कॅन्टीनच्या मागून त्याची घरघर ऐकू आली.

त्या रात्री मला संतापाने झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो तीन दिवसांचा बाण उपटला आणि उलटा नियम लिहिला. उत्तर आलं नाही तर नामंजूर समजावं. आमच्या रीतीला धरून, अगदी काकांच्या कपासारखा. टेम्प्लेट बदलायलाही मंजुरी लागते, म्हणून तो काकांकडेच पाठवला. मला खात्री होती, ते खूश होतील.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बसची वेळ झाली तेव्हा काका माझ्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मी नवीन होतो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "आमच्या जुन्या साहेबांच्या टेबलावर या पंपाचं ड्रॉइंग ठेवलं. ते काय बोललेच नाय. खिडकीतून बाहेर बघत ऱ्हायले. मी आपला गेलो आन् पंप ओतून घेतला."

"तुम्हाला वाटलं, ते हो म्हणाले?"

काका हसले. "मला कळलं नसंल असं वाटतं तुला? अष्टमीचा हाय मी, गो. चांगलं कळलं होतं. पन पंप पायजे होता."

"मग साहेब रागावले नाहीत?"

"कशावरून रागावतील? नाय कुठं म्हटलं होतं त्यांनी."

मग त्यांनी माझा माउस हातात घेतला. मी सांगायला गेले की काका, तुमच्या लॉगिनवरून करावं लागेल. मग आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी पडद्यासमोरचा कप बाजूला सरकवला आणि माझा नवीन नियम उघडला. त्यांनी नामंजूर दाबलं, तशी कारण विचारणारी चौकट आली. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं, 'पुढच्या पोरांना पंप करायचे असतील.'

"पण काका, परत कोणी तुमचा पंप मोडीत काढायला पाठवलं तर?"

"तर मी बोलंन. शिकतोय ना." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, जरा लाजत, म्हणाले, "तुझा नियम. नाय."

एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाला तोंडावर म्हटलेलं ते पहिलं नाय, आणि ते मला मिळालं. मला आधी राग आला. दिवसभर खपून केलं होतं मी ते. मग काकांना माझे डोळे दिसू नयेत म्हणून मी कॅन्टीनच्या बेसिनवर तोंड धुवायला गेले. बस बाहेर हॉर्न देत होती. नळाला पाणी जोरात येत होतं.