वर्षासिस्टरच्या तोंडातलं पाणी

ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते आम्ही आठ दिवसांत विसरतो, पण तिथं काय झालं ते टपरीवर वर्षभर पुरते. लहान मुलांची मनं कशी सांभाळायची याचं ट्रेनिंग वाशिमला झालं. आम्ही नर्स, मास्तर, समुपदेशक अशी मंडळी, अन् शिकवायला नागपूरच्या मॅडम.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मूल बोलत असताना सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं." झालं! आमच्याकडे कोणाला रस्ता विचारला तरी तो सोयाबीनवर काय फवारायचं ते सांगते.

*

शेलूबाजारचे गुलाबराव सर, जन्म मास्तरकीत गेलेला. सरावात त्यांना रुसलेलं पोरगं व्हायचं होतं. खुर्चीत बसले अन् मॅडमलाच म्हणाले, "तुमी आधी सरळ बसा. मंग रुसतो."

*

माझंही सांगतो. मी घरी बायकोवर सराव केला. ती बोलत होती, मी नुसती मान हलवत ऐकत होतो. ती मधेच थांबली. "काय लपवून राह्यले तुमी?"

*

खरी पंचाईत वर्षासिस्टरची. आमच्या दवाखान्यात मुलांच्या समुपदेशनासाठी नवी खोली उघडणार होती अन् तिथं काम करायची तिची फार इच्छा. अट एकच, पंधरा मिनिटं एकही सल्ला न देता ऐकून दाखवायचं. सिस्टर दोनदा नापास. एकदा "दूध पीत जाय", एकदा "केस बांधत जाय". बिचारी रडकुंडीला आली. मलाही वाईट वाटलं.

तिसऱ्या वेळी मात्र चकार शब्द नाही. मॅडम खूश. "कसं जमलं हो?" सिस्टर उत्तर न देता बेसिनकडे पळाली. पंधरा मिनिटं तोंडात पाणी धरून बसली होती बाई!

*

नव्या खोलीत पहिली आली ती वसतिगृहातली बारा वर्षांची पोरगी. आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून ती कोणाशीच बोलत नव्हती. मी बाजूच्याच टेबलावर होतो. सिस्टरच्या ओठांवर सल्ला आलेला मला दिसला. तिनं घाईघाईनं बाटली उचलली, घोट घेतला अन् गाल फुगवून बसली.

पोरगी बघत राहिली. मग तिनं बाटली आपल्याकडे ओढली अन् स्वतःचेही गाल भरले. दोघी समोरासमोर, गप्प. बऱ्याच वेळानं पोरीला हसू फुटलं अन् सगळं पाणी केसपेपरवर.

तोंड पुसत ती म्हणाली, "मी हरली. आता सांगतो."