कानबाई डोक्यावर असताना

देवी डोक्यावर असताना रूपाच्या डाव्या जांघेत काहीतरी तडकलं. नदीकडे निघालेल्या मिरवणुकीत ढोल कान फोडत होता, तरी तो आवाज तिला दातांत ऐकू आला. पाय खालून निघून गेला. कानबाईचा पाट कलंडला, तो धाकट्या जावेनं, मयुरीनं, वरच्यावर झेलला. बायांच्या किंकाळ्या उठल्या आणि सगळ्यांनी आधी देवीकडे पाहिलं. नथ जागच्या जागी होती. मग कुणाला तरी रस्त्यावर पडलेली रूपा दिसली.

शिंदखेड्यात पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं धावणारी बाई म्हटलं की लोक रूपाचंच नाव घेत. लेकीच्या बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं होतं. एका हळदीत मयुरी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ताई, एक खुर्ची पुरंल का दोन आणू?" रूपाही हसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती धावू लागली. धुळ्याच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पदक मिळालं, तेव्हा तीच मयुरी विचारू लागली, "ताई, तुम्ही खातात तरी काय?" खरं उत्तर असं होतं की रूपा फारसं काही खात नव्हती.

मग पाळी थांबली. तिनं गुपचूप तपासणीची पट्टी आणून पाहिली. दिवस गेले नव्हते. पण सासूच्या, भिकुबाईंच्या घरात अशी गोष्ट लपणारी नव्हती. पाळीच्या बाईनं देवघराकडे फिरकायचं नाही. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी नदीवर जाते, आणि त्याआधी घरातल्या सुना तारखा मोजत पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. रूपाला आता गोळी लागत नव्हती. सासूनं भाऊबंदांत सांगून टाकलं, "आमनी रूपाले काही आडकाठी नही. देवीनीच निवडी तिले." कानबाई बसवायचा आणि डोक्यावर घ्यायचा मान तिच्याकडे आला. जांघ महिनाभर ठणकत होती. रूपा तेल चोळून धावत राहिली, आणि देवीपुढे रोज दिवा लावत राहिली.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. मांडीचं हाड खुब्याशी चिरलं होतं. त्यांनी वय पुन्हा विचारलं.

"चौतीस."

"पाळी नियमित येते?"

रूपानं तोंड उघडायच्या आत भिकुबाई बोलल्या, त्यासुद्धा कौतुकानं. "तिले येतच नही. मागली कानबाईपाईन बठ्ठं बंद शे."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. "खाता काय?"

रूपा नेहमीच्या ठेक्यात सांगू लागली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री काकडी. सोमवार, चतुर्थी, एकादशी उपास. अन् रोजचं धावणं, उपासाच्या दिवशीसुद्धा. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. शर्यतवाल्या बायांना हेच सांगताना तो कधी असा झाला नव्हता.

"वीज कमी पडली की आपल्याकडे काय करतात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी शेताची बंद करतात. मग घरांची. दवाखान्याची तेवढी चालू ठेवतात. तुमच्या शरीरानं तेच केलं. धावण्यात जेवढं जळत होतं, तेवढं पोटात जात नव्हतं. म्हणून शरीरानं आधी पाळी बंद केली. मग हाडांची डागडुजीही बंद केली."

"पण मला तर एकदम हलकं वाटायचं," रूपा म्हणाली.

"हो. वाटतं तसं."

"अन् धावणं?"

"आता स्क्रू घालू. चालणं परत येईल. धावण्याचं मी आज काही सांगणार नाही. आधी खा. पाळी येऊ द्या."

रूपा खाटेवर आडवी पडून छताकडे बघत राहिली. तिला रडू येत नव्हतं. वर्षभर अंग आतून एकेक दार लावत होतं, आणि घर वाजतगाजत तिच्या पाया पडत होतं. शर्यतीत टाळ्या वाजत होत्या. आणि ती स्वतः? तीही त्याच अंगापुढे दिवा लावून बसली होती.

भिकुबाई उशाशी बसून पदर चाळवत होत्या. त्या पुटपुटल्या, "मी तं बठ्ठास्ले, सारा गावले सांगत फिरनू वं, देवीनी किरपा शे." मग एकदम उठून त्यांनी विचारलं, "भूक लागनी का तुले?"

किती साधा प्रश्न. रूपानं डोळे मिटून पोटात कानोसा घेतला. भूक कुठं असते, ती कशी कळते, हे तिला आठवेना. आतून काहीच उत्तर आलं नाही. हाड चिरलं तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

"लागनी," ती सासूच्या बोलीत म्हणाली. "काहीबी आना, आई. पोटभर आना."