खुडलेले शेंडे

तिरोड्याकडच्या एका लहान स्टेशनावर मी तारबाबू होतो. फलाटावर क्रोटनच्या बारा कुंड्या होत्या. पाहणीला आलेले मोठे साहेब आधी ती लाल-पिवळी पानं बघत, म्हणून कुंड्यांची जबाबदारी माझ्यावर होती. पाणी मात्र स्टेशनचा म्हातारा पाणीवाला घाली. तो तळी बांधणाऱ्या कोहळी जातीचा, गावचं तळं त्याच्याच वाडवडिलांनी बांधलेलं. त्या तळ्याचा गाळ तो टोपलीने आणून कुंड्यांत टाकी.

एका सकाळी चार झाडांचे शेंडे खुडलेले दिसले. म्हाताऱ्याला विचारलं, तर सरळ म्हणाला, "मीच खुडले, बाबू. खालून फुटवे येतेत."

मला पटलं नाही. क्रोटनची फांदी मातीत खोचली की जगते; यानेही घरी लावल्या असतील. शेंडे खतात टाकले म्हणाला. मी काठीने खत उकरलं, पण कुजलेल्या पानांत काही ओळखू येईना. मग सगळ्या कुंड्या पार्सलच्या खोलीत ठेवून किल्ली माझ्या कमरेला लावली. तो पाणी घाली तेव्हा मी शेजारी उभा राही.

महिनाभरात जुनी पानं गळली, नवी आली ती नुसती हिरवी. हा सूड घेतोय, असं मी ठरवूनच टाकलं. त्याचा तांब्या हुंगला, तर आत तांदळाचं धुवण होतं. तरीही तो झाडं मारतोय असं मी स्टेशन मास्तरांना सांगितलं. त्याला काढून टाकलं.

नंतर पाणी मीच घाली. पानं गळतच राहिली. पुढे धानाच्या पोत्यांसाठी ती खोली लागली आणि कुंड्या उजेडात आल्या. पालवीत तांबडी शीर दिसली. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली दोन-दोन फुटवे होते.

मी त्याच्या गावी गेलो, माफी मागायलाच. पण अंगणात उभा राहिलो आणि माझी नजर कुंपणालगत क्रोटन शोधू लागली. त्याने ते पाहिलं.

"मागचं आंगनही पाहून घ्या, बाबू."

मी खाली मान घालून कुंड्या बाहेर काढल्याचं सांगितलं.

"मंग येईन रंग. तुमी तं त्याईले कैदेत ठेवलं होतं."

मास्तरांशी बोलतो, एवढं कबूल करून मी परतलो. पण बोलायचं म्हणजे आधी मी खोटं बोललो ते सांगायचं. आज-उद्या करत राहिलो. पाहणीला साहेब आले, भरगच्च कुंड्यांपाशी थांबले, ही कोणी सांभाळली म्हणून विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात जोडले.