झटका मशीनची केस

धर्माजी पुण्याला निघाला की राजुरीच्या स्टँडवर कुणीतरी हटकून विचारायचं, “काय मामा, आज तारीख का?” धर्माजी मान हलवायचा आणि आळेफाट्याची गाडी येईपर्यंत कापडी पिशवी छातीशी धरून उभा राहायचा. पिशवीत केसचे कागद. साडेसहा हजारांच्या झटका मशीनसाठी बासष्ट वर्षांचा हा माणूस पुण्याच्या ग्राहक आयोगात भांडायला जातो, याचं गावाला मोठं नवल. गाडीभाड्यातच मशीनची निम्मी किंमत गेली असेल, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण धर्माजी पैशासाठी जात नव्हता. कशासाठी जातो ते लोकांना कळायला त्यानं तोंड तर उघडायला हवं!

तोंड उघडणं हा त्याचा प्रांतच नाही. मेंढरांशी तो पुष्कळ बोलतो. चाळीस मेंढरं आहेत, प्रत्येकीची खोडी त्याला पाठ आहे, आणि त्या खोडीवरून तो एकेकीला फैलावर घेतो. बायकोशी मात्र काही बोलायची वेळ आली की टोपी काढतो, झटकतो, पुन्हा घालतो आणि रानाकडे चालू लागतो. सोनीबाईनं छत्तीस वर्षं त्या टोपीवरून त्याच्या मनातलं ओळखलं. संसार असाच झाला, आणि दृष्ट लागावी असा झाला, हे मी छातीठोक सांगतो.

उसाच्या कडेनं बिबट्याचा वावर वाढला तेव्हा धर्माजीनं कळंबच्या एका दुकानातून हे सौर झटका मशीन आणलं. मेंढरं ज्या जाळीच्या कुंपणात कोंडतात त्याला वाघर म्हणतात. त्या वाघरीभोवती तारा ओढायच्या, दिवेलागणीला बटण दाबायचं, हिरवी बत्ती लागली की तारेत करंट आला समजायचं. बिबट्या तारेला शिवला की झटका खाऊन पळतो, मरत मात्र नाही. त्या वेळी धर्माजी कांद्याला पाणी द्यायला गेलेला असायचा, म्हणून बटणाचं काम सोनीबाईकडे.

पौषातल्या एका सकाळी वाघर फाटलेली दिसली आणि दोन मेंढ्या गेलेल्या. त्यातली एक सोनीबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली, भावकी जमली, शेजारचे लोक जमले. वनरक्षकानं सहज विचारलं, “मशीन होतं ना? मग कसं काय झालं?”

सोनीबाई म्हणाली, “म्या बटन दाबलं व्हतं. हिरवी बत्ती लागली व्हती.”

आणि एरवी मुका असलेला धर्माजी नेमका तेव्हा बोलला. “कसली बत्ती! हिला येक बटन दाबायचं ध्यानात ऱ्हात न्हाई.”

वनरक्षकानं ऐकलं तसं लिहून घेतलं: पत्नी कुंपण सुरू करण्यास विसरल्या. खाली धर्माजीनं सही ठोकली. मेंढ्यांची भरपाई यथावकाश खात्यावर जमाही झाली.

सोनीबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या दिवसापासून बटणाला हात लावणं सोडलं. भाकरी वेळेवर, कालवण वेळेवर, पण धर्माजीनं टोपी काढली की ती दुसरीकडे बघायची. घरात दोन माणसं आणि दोघंही गप्प, अशी दहा दिवस गत होती.

अकराव्या दिवशी धर्माजीनं स्वतः बटण दाबलं. हिरवी बत्ती लागली. तेवढ्यात एक कोकरू खुशाल तारेला अंग घासू लागलं. धर्माजी धावला, आणि मध्येच थांबला. कोकराला काही होत नव्हतं. त्यानं हळूच बोट लावलं, मग अख्खा पंजा तारेवर ठेवला. काही नाही. हिरवी बत्ती समोर जळत होती आणि तो तार मुठीत धरून उभा होता. सोनीबाई खरं बोलत होती. ती चुलीपाशी होती, चार ढांगांवर. धर्माजीनं टोपी काढली, झटकली, घातली, आणि सकाळी उठून मशीन घेऊन कळंबची गाडी धरली.

दुकानदार हनुमंतशेठ हसला. “मामा, बत्ती लागतीय म्हंजी मशीन चालू हाय. बायकामानसं इसरत्यात. त्याला मी काय करनार?”

हनुमंतशेठनं ते बायकामाणसांचं वाक्य गिळलं असतं तर पुढची केस झाली नसती. पण आपण बोललेले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा धर्माजीला ते सोसले नाहीत. तो तसाच जुन्नरला गेला, महंमद हनीफ यांच्याकडे.

हनीफभाई म्हणजे जुन्नरच्या कोर्टासमोर तीस वर्षं अर्ज टाइप करून देणारा माणूस. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, चष्मा तोच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत समजावलं. “हे बघा धर्माजीभाऊ, ग्राहक आयोगाला वकील लागतोच असं न्हाई. तुमच्या एवढ्याशा मशीनला फी पन लागत न्हाई. आधी दुकानदाराला नोटीस धाडू, स्पीड पोस्टानं. पंधरा दिवस वाट बघू. न्हाई ऐकलं तर तक्रार, तिच्यासंगं प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी आन् पंचनामा. दोन वर्षांच्या आत करायचं, बास. बिल आनलंय?”

धर्माजीनं बिल काढलं. हनीफभाईंनी ते उजेडात धरलं. “ह्याचा कान कुणी कापला?”

धनगराच्या प्रत्येक घराची मेंढराच्या कानाला खाच पाडायची आपापली रीत असते, कळप मिसळले तर ओळखायला. धर्माजीच्या घरची खूण डाव्या बाजूला तिरकी खाच. त्याला ती इतकी अंगवळणी पडलेली की काठी, घोंगडी, डबा, जे घरात येईल त्याच्या डाव्या कोपऱ्याला तो खाच पाडतो. बिल आलं तेव्हा बिलालाही पाडली, वॉरंटी कार्डालाही पाडली. बिलाचा नंबर नेमका त्या कोपऱ्यात होता आणि मशीनचा नंबर कार्डाच्या कोपऱ्यात.

“आता शेठ म्हननार, हे बिल माझं न्हाईच,” हनीफभाई म्हणाले. “मशीनचा खोका ऱ्हायलाय का? त्याच्यावर नंबर असतो.”

धर्माजीनं घरी येऊन माळा उपसला, गोठा उपसला. खोका काही मिळेना. कशासाठी शोधतोय हे तो सांगेना, पण तो मेंढरांशी बोलताना नोटीस नि पंचनामा हे शब्द ऐकून सोनीबाईला कळायचं ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या ताटाशेजारी तो खोका ठेवलेला होता. तिनं त्यात कोंबडीची पिल्लं ठेवली होती. पिल्लं काढून, खोका पुसून, नंबराची चिठ्ठी दिसेल अशी बाजू वर करून तिनं ठेवला.

तक्रार टाइप करताना हनीफभाईंनी विचारलं, “मागनी काय लिहू?”

“हिनं बटन दाबलं व्हतं, असं लिहून पायजे.”

“तसा रकाना न्हाई भाऊ. मशीनचे पैसे, नुकसानभरपाई, मनस्ताप, एवढंच असतं. मशीनमधी खोट हाय असं ठरलं तर त्यात ते आलंच की. पन मी म्हनतो, वहिनींचं प्रतिज्ञापत्र जोडू. बटन त्यांनी दाबलं, साक्षीदार त्याच.”

“न्हाई,” धर्माजी म्हणाला. “तिला कोर्टकचेरीत वढायची न्हाई. येकदा कागदावर तिचं नाव खराब केलंय म्या. आता तिचं नाव कुठंच घालू नका.”

हनीफभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग पंचनाम्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वाक्य आपल्याला नडनार बरं का. खाली सही तुमची हाय.”

“नडू द्या. तेच पुसायचंय.” लिहिलेलं लिहूनच पुसलं जाणार, हे धर्माजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सरकारी कागदावर बायको विसरली असं लिहिलं गेलं, तर दुसऱ्या सरकारी कागदावर विसरली नव्हती असं लिहून यायला हवं. तो कागद तिच्या हातात द्यायचा. त्याला तोंडानं बोलायची गरजच पडणार नाही.

मग तारखा सुरू झाल्या. कधी हनुमंतशेठचा वकील नाही, कधी म्हणणं दाखल नाही, कधी आयोगच रजेवर. धर्माजी मेंढरं भावकीतल्या दादाभाऊच्या हवाली करायचा, भाकरी बांधून न्यायचा आणि बाकावर बसून आपलं नाव पुकारण्याची वाट पाहायचा. मशीन तपासणीला गेलं. अहवाल आला की आतला एक सांधा मुळातच सुटलेला, त्यामुळं दिवा जळतो, तारेत प्रवाह जात नाही.

तरी वकील पंचनामा हातात घेऊन उभा राहिला. “यांच्याच सहीनं लिहिलंय, पत्नी विसरल्या म्हणून. मग दोष मशीनचा कसा?”

अध्यक्षबाईंनी विचारलं, “सही तुमची आहे?”

धर्माजी उठला. “सही माझी हाय, बाई. पन ते खोटं हाय. ती सांगत व्हती बत्ती लागली म्हनून. माझी मेंढरं गेल्ती, मला राग आल्ता. मी तिच्या अंगावर ढकललं.”

एवढं सलग तो जन्मात बोलला नव्हता. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. धर्माजीला वाटलं, झालं, आलं कागदावर.

निकाल लागला तो धर्माजीच्या बाजूनं. मशीनची किंमत व्याजासह, मनस्तापाचे आणि खर्चाचे वेगळे. त्यानं पुण्याहून येताना पावशेर पेढे आणले, जे तो मुलीच्या बारशाला सुद्धा विसरला होता. घरी आला तेव्हा सोनीबाई अंगणात बाजरी निवडत बसली होती आणि दादाभाऊ मेंढरं सोडून चहा पीत होता. पंचनाम्याला हजर असलेलं हे एक माणूस आयतंच समोर होतं, म्हणून धर्माजीला आणखी हुरूप आला. त्यानं निकाल काढला. चौथी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचू लागला.

“तक्रारदार यांनी... सदरचे यंत्र... रीतसर चालू केले होते. यंत्रात मूलतः दोष होता. तक्रारदार यांचा... कोणताही निष्काळजीपणा... दिसून येत नाही.”

वाचून त्यानं कागद पुढं केला. सोनीबाईनं हात पुसले, पण कागद घेतला नाही.

“तक्रारदार म्हंजी कोन?” तिनं विचारलं.

“मी.”

“तुमी कवा दाबलं बटन?”

धर्माजीनं पान उलटलं. मग दुसरं उलटलं. सहा पानं होती. त्याचं नाव होतं, हनुमंतशेठच्या दुकानाचं नाव होतं, खोक्यावरचा नंबरसुद्धा होता. सोनीबाईचं नाव कुठंच नव्हतं. त्यानंच घालू दिलं नव्हतं.

“तितं म्या समदं सांगितलं,” तो म्हणाला. “बाईम्होरं. ती खरं बोलत व्हती, मीच खोटं बोललो, असं.”

सोनीबाईचा हात सुपावर थांबला. दीड वर्षात तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे भरले होते आणि आवाजात राग होता. “पुन्याच्या लोकांम्होरं सांगितलं? त्यांनी मला कवा बगितलंय? म्या हितं व्हते, या वट्यावर. एवढ्या चकरा मारल्या, अन् हितवर याला पाय आलं न्हाईत व्हय तुमचं?”

दादाभाऊ कप घेऊन उठायला लागला. “बसा भावजी,” ती म्हणाली, आणि तो बसला.

धर्माजीचा हात सवयीनं टोपीकडे गेला. रान मागं होतं, वाट मोकळी होती. दीड वर्ष आणि सहा पानं खर्चून जे टाळलं होतं ते समोर बाजरी घेऊन बसलं होतं. त्यानं हात खाली घेतला.

“बटन तू दाबलं व्हतं,” तो जमिनीकडे बघत पुटपुटला. “मी समद्यांदेखत खोटं बोललो. माझं चुकलं.”

सोनीबाईनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि दादाभाऊकडे वळली.

“भावजी, काय म्हनलं हे? मला नीट ऐकू न्हाई आलं.”

दादाभाऊनं धर्माजीकडे पाहिलं. धर्माजीनं बायकोकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं आणि गालावरून पाणी चाललं होतं, ते ती पुसत नव्हती. मग धर्माजी घसा खाकरून सरळ उभा राहिला आणि पलीकडच्या उसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.