रेडिएटरच्या पंख्याचं बटण

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. आईने नाही, मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते त्या मॅडमनी नाही, आमच्या ह्यांनी तर नाहीच. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं, काना-मात्रा चुकेल. पण खोटं लिहिणार नाही. खोटं एकदा बोलून झालं आहे.

आम्ही आखातात, अल ऐन शहरात एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत राहतो. हे मोटरसायकलवरून हॉटेलांचं जेवण घरोघर पोचवतात. त्या गाडीला पाण्याचा रेडिएटर आहे, त्याला लागून छोटा पंखा. इंजिन फार तापलं की तो आपोआप फिरतो. पण इथल्या उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिलं, की पंखा जागा होईपर्यंत पाणी उकळायला लागायचं.

तेव्हा स्टॅनलीने तोड काढली. स्टॅनली वसईचा, गॅरेजमध्ये वायरिंग करतो, ह्यांना भावासारखा. त्याने हँडलजवळ बटण बसवून दिलं — दाबलं की पंखा सुरू, हवा तेव्हा. ह्यांचा हट्ट असा की चावी काढल्यावरही पंखा फिरला पाहिजे, म्हणजे घरी आल्यावर इंजिन लवकर निवेल. म्हणून वायर थेट बॅटरीवरून घ्यावी लागली.

"मला हे पटत नाही, दादा," स्टॅनली म्हणाला. "बंद करायला विसरलात की बॅटरी खलास. मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

"तुझी वहिनी आहे ना. मी लग्नात काय बोललो तेसुद्धा तिच्या लक्षात आहे. बटण काय विसरते?"

तेव्हापासून ते माझं काम झालं. हे आले की पंखा चालू ठेवून आंघोळीला जायचे. मी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर जायचे आणि येताना बटण बंद करायचे. मला ते काम आवडायचं. परक्या देशात एवढी एक गोष्ट माझ्यावर सोपवलेली होती.

मग लांब समुद्राकाठच्या रुवैस गावी नोकरी निघाली. रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे, स्टोअरमध्ये, सावलीतलं काम. पण राहायचं तिकडेच कॅम्पवर, बायकोला जागा नाही. मुलाखतीसाठी ठेकेदाराची व्हॅन सकाळी लवकर सनय्यातून, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीतून, सुटणार होती. हे फार खुशीत होते.

जाऊ नका, मला एकटीला भीती वाटते — एवढं म्हणायला काय झालं होतं? नवरा माझा, भाषा माझी, खोलीत तिसरं कुणी नाही. मी शर्टाला इस्त्री करत राहिले.

त्या संध्याकाळी पिशवी टाकली, गाडीपाशी आले, बटणावर बोट ठेवलं. पंख्याची गरम हवा पायाला लागत होती. आणि मी — हात काढून घेतला. विसरले नाही. समजून-उमजून आत आले. एसींच्या घरघरीत त्या एवढ्याशा पंख्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार होता?

इथेच थांबावं असं वाटतं, कारण पुढचं जास्त वाईट आहे. सकाळी ह्यांच्या आधी उठून मी बाहेर गेले. बॅटरी उतरून पंखा थांबला होता. तेव्हा मी बटण बंद केलं. कुणाला दिसू नये म्हणून.

गाडी सुरू झाली नाही. ढकलूनही नाही. "बटण बंद केलं होतंस ना?" ह्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं. टॅक्सी मिळून हे पोचेपर्यंत व्हॅन गेली होती. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

संध्याकाळी स्टॅनली आला. एकेक वायर हाताने चाचपून पाहिली, काही सापडेना. मग माझ्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "वहिनी, बटण नक्की बंद होतं?"

मी मान हलवली. होतं म्हणून.

"तिच्यावर ढकलू नकोस," हे म्हणाले. "तुझंच काम कच्चं." शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले. स्टॅनलीने वायर काढली, बटण काढलं आणि गेला. पुढे ह्यांनी बरोबरच्या पोरांनाही सांगितलं की त्याच्या वायरिंगमधून करंट गळतो. त्यांनी त्याच्याकडे गाड्या नेणं बंद केलं. माझी चूक एका कष्टाळू माणसाच्या हातांना चिकटली, आणि मी ती रोज चिकटलेली पाहत राहिले. भीती कशाची होती? हे मला टाकतील अशी? तसे ते नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं.

या उन्हाळ्यात गाडी पुन्हा तापायला लागली. काल हे जेवता जेवता आपणहून म्हणाले, "स्टॅनलीलाच बोलवू या. त्या दिवशी माझंच तोंड फार सुटलं." आणि खरंच फोन लावला, स्पीकरवर.

"जिवंत आहात का, दादा?" स्टॅनली म्हणाला. "मला वाटलं, उकळून वाफ झाली असेल तुमची." दोघं हसले. किती दिवसांनी. "रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून येतो. पण या वेळी वायर चावीवरूनच घेणार, सांगून ठेवतो." मग म्हणाला, "तेव्हाचा फॉल्ट मला अजून सापडला नाही, दादा. कुठलीही गाडी उघडली की आधी तेच आठवतं."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला.

त्याच्या कामात खोट नव्हती. रविवारी तो सामानाची पेटी उघडायच्या आधी मी दोघांनाही सगळं सांगणार आहे — चालू ठेवलं मी, सकाळी बंद केलं मी, मान हलवली मी. पुढे ते काय म्हणतील ते त्यांनी म्हणावं. आज मॅडमकडे भांडी घासताना ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. आवाज कापला, पण निघाला.